वेगळ्या कूलिंगचा फर्नेस ट्रान्सफॉर्मर: बनवणारा कसा शोधायचा

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत साधा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा असेल तर काहीच अडत नाही. '११ केव्ही, ४३३ व्होल्ट, ५०० केव्हीए' एवढं सांगितलं की दुपारपर्यंत तीन कोटेशनं व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. अडतं ते फर्नेसवाला (भट्टी पुरवणारा) 'ट्वेल्व्ह पल्स, दोन सेकंडरी, ओएफडब्ल्यूएफ' असं लिहिलेला कागद हातात ठेवतो तेव्हा. फोन करायला घेतलं की जो तो 'होय, करून देऊ की' म्हणतो. त्यातला खरंच करू शकणारा कोण आणि ऑर्डर घेऊन दुसऱ्याकडून करून घेणारा कोण, हे फोनवरच्या आवाजावरून कळत नाही.

आमच्या फाउंड्रीची मेल्टिंग क्षमता वाढवताना मी या सगळ्यातून गेलोय. नव्यानं इंडक्शन फर्नेस टाकणारे, वडिलांच्या हातून कारखाना नुकताच हातात घेतलेले, किंवा परचेसला बसवलेले पण इलेक्ट्रिकलचे नसलेले, अशांसाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एकच: नावं शोधायला शेवटी लागा, आधी तुम्हाला काय पाहिजे ते कागदावर आणा. कागद नीट असेल तर नको ती माणसं आपणहून गळतात.

१. खरंच वेगळं कूलिंग लागतंय का, ते बघा

ट्रान्सफॉर्मरच्या कूलिंगला चार अक्षरी खूण असते. पहिलं अक्षर आतल्या द्रवाचं: 'ओ' म्हणजे मिनरल ऑईल किंवा ३०० अंशांपर्यंत फायर पॉइंट (द्रव पेटून जळत राहतो ते तापमान) असलेलं तेल, 'के' म्हणजे त्याहून वरचा फायर पॉइंट असलेला एस्टरसारखा द्रव. दुसरं अक्षर ते तेल फिरतं कसं: 'एन' असेल तर आपोआप, 'एफ' असेल तर पंपानं, आणि 'डी' असेल तर पंपानं थेट वाइंडिंगच्या (तांब्याच्या गुंडाळीच्या) आतून. तिसरं अक्षर बाहेरच्या माध्यमाचं, 'ए' म्हणजे हवा, 'डब्ल्यू' म्हणजे पाणी. चौथं ती हवा किंवा पाणी कसं फिरतं त्याचं. म्हणजे ओएनएएन हा आपला नेहमीचा रेडिएटरवाला. ओएनएएफ म्हणजे त्याच रेडिएटरला पंखे. ओएफडब्ल्यूएफ म्हणजे तेल पंपानं हीट एक्स्चेंजरमध्ये जातं आणि तिथं पाणी त्याची उष्णता घेऊन जातं. ड्राय टाइपमध्ये तेलच नसतं, त्यामुळं त्याला एएन किंवा एएफ अशी दोनच अक्षरं.

माझं स्पष्ट मत सांगतो. शेडबाहेर मोकळी जागा असेल आणि तिथून फर्नेस पॅनेल जवळ असेल, तर ओएनएएनच घ्या. स्वस्त पडतो, कुणीही दुरुस्त करतो, पंप नाही, पाणी नाही, रात्रपाळीच्या वायरमनला काही शिकवावं लागत नाही. वेगळ्या कूलिंगचा विचार करावा अशी कारणं मोजकीच आहेत.

सगळ्यात मोठं कारण करंटचं. २,००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ५७५ व्होल्टवर साधारण २,००० अँपियर देतो. एवढा करंट लांब न्यायचा म्हणजे जाड तांब्याचे बसबार, त्यातला लॉस आणि जोडांवरची गरमी. म्हणून ट्रान्सफॉर्मर पॅनेलला खेटून, बऱ्याचदा शेडच्या आतच ठेवावा लागतो. तिथं हवा हलत नाही, शेजारी भट्टी, वर तापलेला पत्रा. अशा जागी रेडिएटर ठेवून उपयोग होत नाही, कारण रेडिएटरला थंड हवा लागते आणि ती तिथं नसतेच.

दुसरं कारण आगीचं. शेडमध्ये वितळलेलं लोखंड आणि हजारो लिटर मिनरल ऑईल एका छताखाली नको असेल तर एस्टर भरलेला घ्यावा. ड्राय टाइपचं नावही लगेच पुढं येतं, पण फाउंड्रीत मी तरी त्याच्यापासून चार हात लांब राहीन. मोल्डिंग सँडमधली कोलडस्ट आणि फेटलिंगची (कास्टिंग घासण्याची) लोखंडी धूळ वाइंडिंगवर बसते, पावसाळ्यात ती दमट होते आणि तिच्यातून करंटला वाट मिळते. हवाबंद खोली आणि गाळलेली हवा देणार असाल तरच ड्राय टाइपच्या वाटेला जा.

२. एक कागद तयार करा

हा टप्पा लोक उरकून टाकतात. 'तुमच्या हिशोबानं द्या' असं ट्रान्सफॉर्मरवाल्याला सांगितलं की तो त्याच्या हिशोबानंच देतो, मग प्रत्येकाचं कोटेशन वेगळ्याच वस्तूचं येतं आणि तुलना होत नाही. बसून खालच्या गोष्टी लिहून काढा. यातल्या निम्म्या फर्नेसवाल्याकडून लेखी मागून घ्याव्या लागतात.

विजेची बाजू:
– प्राइमरी (वीज आत येते त्या बाजूचं) व्होल्टेज: महावितरणकडून ११ केव्ही मिळणार की ३३ केव्ही. त्यावर इन्सुलेशनची पातळी ठरते. ११ केव्हीला साधारण ७५ केव्ही इम्पल्स (आकाशातल्या विजेसारखा क्षणिक झटका), ३३ केव्हीला १७० केव्ही.
– सेकंडरी (फर्नेसकडं जाणाऱ्या बाजूचं) व्होल्टेज किती, सेकंडरी एक की दोन.
– पल्सची संख्या (फर्नेस पॅनेलमधला एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर एका आवर्तनात किती ठोके देतो ती). बारा पल्स असेल तर एक सेकंडरी स्टार, दुसरी डेल्टा. दोघींत ३० अंशांचा फरक. त्यामुळं पाचवी आणि सातवी हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पाचपट, सातपट वारंवारतेचा करंट) एकमेकांना मारतात, अकरावी-तेरावी उरते.
– दोन्ही सेकंडरींचा इम्पीडन्स (करंटला आतून होणारा अडथळा) जवळपास सारखा असावा ही अट. तो सारखा नसेल तर लोड सारखा वाटला जात नाही आणि मारलेल्या हार्मोनिक्स परत डोकं वर काढतात.
– हार्मोनिक करंटचा तक्ता. कितव्या हार्मोनिकला किती टक्के, ते फर्नेसवाल्यानं सहीनिशी द्यायला हवं.
– प्राइमरी आणि सेकंडरीच्या मध्ये अर्थ केलेली तांब्याची शील्ड.
– टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायचे जोड) किती आणि कशा. आपल्या फीडरला रात्री व्होल्टेज कुठवर चढतं आणि सकाळी कुठवर उतरतं ते मीटरमधून काढून लिहा.

हार्मोनिकच्या तक्त्याचा आग्रह का, ते सांगतो. वाइंडिंगमधला एडी लॉस (तांब्यात भोवऱ्यासारखा फिरणाऱ्या करंटची उष्णता) हार्मोनिकच्या क्रमांकाच्या वर्गानं वाढतो. मूळ करंटच्या मानानं पाचवी हार्मोनिक लहान असली तरी तिचा परिणाम पंचवीसपटीनं मोजावा लागतो. साध्या ट्रान्सफॉर्मरचं गणित धरून बनवलेला माल फर्नेसवर लावला की तो नेमप्लेटवरच्या केव्हीएच्या आतच तापायला लागतो आणि मग दोन्ही पार्ट्या एकमेकांकडं बोट दाखवतात. औद्योगिक कन्व्हर्टर (एसी-डीसी बदल करणाऱ्या पॅनेलच्या) ट्रान्सफॉर्मरसाठी आयईसी ६१३७८-१ हे वेगळं मानक आहे. 'त्याप्रमाणे डिझाइन आणि टेस्ट' हे शब्द कागदावर असू द्या. सर्वसाधारण बाबींसाठी आयएस २०२६ आहेच.

थंडाव्याची बाजू (इथंच आपलं गाव मध्ये येतं):

आयईसी ६००७६ मालिकेत वॉटर-कूल्ड ट्रान्सफॉर्मरला आत येणारं पाणी कमाल २५ अंश असेल असं धरलंय. आपल्या कूलिंग टॉवरचं पाणी मे महिन्यात किती असतं? आठवडाभर दुपारी तीन वाजता थर्मामीटर लावून बघा. पंचवीसच्या बऱ्याच वर सापडेल. हा आकडा कागदावर नाही लिहिला तर बनवणारा २५ धरूनच हीट एक्स्चेंजर काढणार, आणि उन्हाळ्यात तुमचा तेल-तापमानाचा अलार्म वाजत राहणार. तो म्हणेल मी मानकाप्रमाणे दिलाय, आणि त्याचं बरोबर असेल.

पाणी किती लागेल याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. समजा एकूण लॉस ३० किलोवॉट. एक किलोवॉट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी, म्हणजे झाले २५,८००. पाणी आत येताना आणि बाहेर जाताना ५ अंशांचा फरक ठेवायचा असेल तर तासाला ५,१६० लिटर, म्हणजे मिनिटाला ८६ लिटर. फर्नेसच्या डीएम वॉटर (क्षार काढलेल्या पाण्याच्या) सर्किटमधून एवढं पाणी निघतंय का, की वेगळा पंप लागेल, ते फर्नेसवाल्याला आधी विचारा. 'आमच्याच टाकीतून घ्या' असं तो सहज म्हणून जातो. हीट (भट्टीची एक खेप) चालू असताना कॉइलचं पाणी आधीच गरम असतं, हे त्याला आठवण करून द्यावं लागतं.

पाण्याचा लॅब रिपोर्ट जोडा. बोअरचं पाणी असेल तर हार्डनेस, क्लोराइड, टीडीएस हे आकडे हवेतच. नळ्या तांब्याच्या की कुप्रो-निकेलच्या की स्टेनलेसच्या, हे त्यावरून ठरतं.

आणखी तीन ओळी अशा, ज्या मी पाहिलेल्या पहिल्या कोटेशनांत कुणीच आपणहून लिहिल्या नव्हत्या:
– हीट एक्स्चेंजरमध्ये तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा नेहमी जास्त राहील. नळीला भोक पडलं तर तेल पाण्यात जावं, पाणी तेलात येऊ नये. तेलात गेलेलं थोडंसं पाणीही इन्सुलेशनचा घात करतं. दुहेरी नळीचा एक्स्चेंजर आणि लीक डिटेक्टर मिळत असेल तर मागाच.
– तेलाचा पंप बंद पडला किंवा पाणी थांबलं तर ट्रान्सफॉर्मर किती लोडवर किती मिनिटं चालेल, ते लेखी. ओएफडब्ल्यूएफला रेडिएटर नसतात. पंप थांबला की लोड न देता नुसता चार्ज (वीज जोडलेला) ठेवला तरी तो तापत जातो. स्टँडबाय पंप आणि फ्लो स्विचचा ट्रिप हवाच.
– हवेचं तापमान: ट्रान्सफॉर्मर जिथं बसणार त्या जागेचं. हवामान खात्याचा कोल्हापूरचा आकडा इथं कामाचा नाही. भट्टीशेजारी तो दहाएक अंशांनी सहज जास्त असतो.

काही फर्नेस ट्रान्सफॉर्मरमध्ये वाइंडिंगच पोकळ तांब्याची असते आणि पाणी थेट तिच्यातून जातं. तसा प्रकार असेल तर आपल्या पावसाळ्याचा विचार करा. जुलैत इथली हवा इतकी ओलसर असते की चिलरचं फार गार पाणी सोडलं तर वाइंडिंगच्या बाहेरच्या अंगाला थेंब धरतात. पाण्याचं किमान तापमानही ठरवून घ्या, नुसतं कमाल नको.

शेवटी जागेची मापं: दाराची उंची, क्रेनची क्षमता, पायाची लांबी-रुंदी, बसबार कुठल्या बाजूनं निघणार, पाण्याचे फ्लँज कुठल्या बाजूला. हातानं काढलेलं स्केचही चालतं, पण हवंच.

३. नावं कुठून मिळतात

पहिली जागा म्हणजे फर्नेसवाला. इंडक्टोथर्मची भारतातली कंपनी आणि इलेक्ट्रोथर्म या दोन्ही फर्नेस कंपन्या अहमदाबादच्या. असे मोठे फर्नेस बनवणारे ट्रान्सफॉर्मरची नावं सुचवतात. त्याची यादी घ्या, पण एवढ्यावर थांबू नका. 'ट्रान्सफॉर्मर बाहेरून घेतला तर फर्नेसची वॉरंटी राहील का' हे आत्ताच लेखी विचारून ठेवा.

दुसरी जागा शेजारी. गोशिमा (गोकुळ शिरगावच्या उद्योजकांची संघटना), स्मॅक (शिरोलीच्या उद्योजकांची), कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या कोल्हापूर चॅप्टरमध्ये असे लोक भेटतात ज्यांच्याकडं तुम्हाला हवा तसला ट्रान्सफॉर्मर चालू आहे. मालकाबरोबर त्यांच्या मेंटेनन्सच्या माणसालाही गाठा. मालक सांगतो किती रुपयांना मिळाला, मेंटेनन्सवाला सांगतो किती वेळा गॅस्केट बदलली आणि कंपनीचा माणूस फोन केल्यावर किती दिवसांनी उगवला. शक्य असेल तर उन्हाळ्यात दुपारी त्यांच्या शेडमध्ये जाऊन ऑईल टेंपरेचरचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

तिसरी जागा संस्थांच्या सदस्ययाद्या: आयईईएमए (विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना) आणि इंडियन ट्रान्सफॉर्मर मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन. यादीतून शोधताना 'फर्नेस', 'रेक्टिफायर', 'कन्व्हर्टर ड्यूटी' हे शब्द बघा. 'पॉवर अँड डिस्ट्रिब्यूशन' एवढंच लिहिलं असेल तर तो बहुधा आपला माणूस नाही. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या इलेक्रामा प्रदर्शनात एका दिवसात पन्नास जणांशी बोलणं होतं. त्यासाठी वेळ काढण्याजोगं ते आहे.

देशात ट्रान्सफॉर्मरचं काम गुजरातेत सगळ्यात दाट आहे. वडोदऱ्याची व्होल्टॅम्प आणि अहमदाबादजवळची ट्रान्सफॉर्मर्स अँड रेक्टिफायर्स ही त्यातली ठाऊक असलेली नावं. नवी मुंबईत ऐरोलीला भारत बिजली आहे. मोठ्या कंपन्यांची अडचण वेगळी: तुमचा एकच दोन एमव्हीएचा नग त्यांच्यासाठी किरकोळ असतो. 'एवढ्या लहान मापात करता का आणि रांगेत कितव्या नंबरवर घ्याल' हा प्रश्न तिथं पहिला विचारा. मधल्या आकाराचे, मालक स्वतः डिझाइनला बसणारे कारखाने आपल्याला जास्त मानवतात. पण त्यांची चाळणी नीट लावावी लागते.

४. फोनवरची चाळणी

दोन पानांचा कागद पाठवा आणि वाट बघा. जो दुसऱ्या दिवशी एकही प्रश्न न विचारता भाव पाठवतो, त्याला बाजूला ठेवा. कामाचा माणूस उलट तुमचं डोकं खातो: हार्मोनिकचा तक्ता कुठाय, पाण्याचा दाब किती, दोन सेकंडरींवर एकाच वेळी फुल लोड येतो का, शॉर्ट सर्किट लेव्हल काय आहे. आम्हाला एका डिझायनरनं पाण्याच्या पाइपची लांबी आणि टाकीची उंचीसुद्धा विचारली होती. दाबाचा हिशोब करणारा माणूस असा ओळखू येतो.

तुम्ही विचारायचं ते असं:
– याच कूलिंगचे किती ट्रान्सफॉर्मर दिलेत, त्यातले तीन कुठं आहेत आणि तिथं फोन करू का?
– वाइंडिंग, टाकी आणि हीट एक्स्चेंजर यांतलं काय स्वतः करता, काय बाहेरून घेता? बाहेरून घेण्यात वावगं काही नाही, चांगले कारखानेही एक्स्चेंजर बाहेरूनच घेतात. लपवणारा मात्र नको.
– टेस्ट बेडवर पाण्याची सोय आहे का? नसेल तर वॉटर-कूल्ड ट्रान्सफॉर्मरची टेंपरेचर राइज टेस्ट हा माणूस करणार कशी?

हा तिसरा प्रश्न बरेच बाद करतो.

५. उत्पादक की व्यापारी

कार्डावर 'मॅन्युफॅक्चरर' छापायला दीड रुपया लागतो. जीएसटीच्या पोर्टलवर त्याचा नंबर टाका. तिथं व्यवसायाचं स्वरूप दिसतं, कारखाना आहे की नुसती घाऊक-किरकोळ विक्री. उद्यम प्रमाणपत्रावर एनआयसी (उद्योगाच्या वर्गवारीचा) कोड असतो. मोटर, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्यांचा गट २७१०. पत्ता गाळ्याचा आहे की घराचा, तेही बघा.

त्याच्याकडून हे मागा:
– याच प्रकारच्या आणि याच आसपासच्या क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरचे टाइप टेस्ट (डिझाइनच्या नमुन्यावर झालेल्या चाचण्यांचे) रिपोर्ट, बंगळूर किंवा भोपाळच्या सीपीआरआयचे, वडोदऱ्याच्या ईआरडीएचे किंवा एनएबीएल मान्यता असलेल्या दुसऱ्या लॅबचे. रिपोर्टवरचं ड्रॉइंग आणि तुमच्या ट्रान्सफॉर्मरचं ड्रॉइंग शेजारी ठेवा.
– स्वतःच्या टेस्ट बेडच्या उपकरणांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं, तारखेसह.
– सीआरजीओचं (कोअरच्या खास पोलादी पत्र्याचं) मिल टेस्ट सर्टिफिकेट, आयात असेल तर बिल ऑफ एंट्री, आणि कापून देणाऱ्याचं चलन.
– मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद. ॲडव्हान्स देणार असाल तर यात लाजू नका.

एक सापळा खास सांगतो. साधा तेलाचा ट्रान्सफॉर्मर २,५०० केव्हीए, ३३ केव्हीपर्यंत असेल तर आयएस ११८० आणि आयएसआय मार्क हा विषय येतो. फर्नेस किंवा कन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरचं तसं नसतं. काही पार्ट्या आयएस ११८० चं लायसन्स दाखवून 'आमच्याकडं सगळं सर्टिफाइड आहे' म्हणतात. ते लायसन्स खरं असतं, तुमच्या मालाला लागू नसतं. तुमच्या मालाला कुठलं मानक लागू, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

६. कोटेशन वाचताना

पहिल्या पानावरचा भाव सोडून थेट जीटीपीचं पान उघडा. गॅरंटीड टेक्निकल पर्टिक्युलर्स म्हणतात ते हे. नो-लोड लॉस, लोड लॉस, इम्पीडन्स, तापमानवाढ, तेल किती, वजन किती. लॉससमोर 'आयएसप्रमाणे टॉलरन्स' लिहिलं असेल तर एकूण लॉस १० टक्क्यांपर्यंत वाढला तरी माल पास होतो. 'कमाल, अधिक टॉलरन्स नाही' असं लिहून मागा.

लॉसची किंमत करून बघा. नो-लोड लॉस ट्रान्सफॉर्मर चार्ज असेपर्यंत चालूच असतो. एक किलोवॉट वर्षभर म्हणजे ८,७६० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर ७०,०८० रुपये. दोन कोटेशनांत एक किलोवॉटचा फरक असेल तर स्वस्तवाला तीन-चार वर्षांत महाग पडलेला असतो. लोड लॉसचा हिशोब तुमच्या पाळ्यांवर जातो, तो तुम्हालाच करावा लागेल. लोड लॉस हार्मोनिकसह दिलाय की शुद्ध ५० हर्ट्झवर, तेही विचारा.

सगळ्यात कमी भावात पंप, एक्स्चेंजर, फ्लो मीटर, कंट्रोल पॅनेल, पहिलं तेल, वाहतूक यांतलं काय धरलंय, यावर रंगीत पेन फिरवा. जीएसटी १८ टक्के वेगळा.

७. कारखान्यात स्वतः जा

दोनदा जावं लागेल. एकदा ऑर्डरआधी, नुसतं बघायला. एकदा कोअर-कॉइल तयार झाल्यावर पण टाकीत उतरवण्याआधी. दुसरी भेट चुकवू नका, टाकी बंद झाल्यावर आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

कोअरजवळ उभं राहिलात की पत्र्यांच्या कडा बघा. नवा सीआरजीओ चकचकीत करडा, कडा सरळ, वरचं कोटिंग अखंड. जुन्या ट्रान्सफॉर्मरचा उलगडून परत कापलेला पत्रा असेल तर कडांना बारीक गंज, कोटिंगवर ओरखडे, कधी तेलाचा पिवळसर डाग दिसतो. बोटानं कड चाचपा, बर (कापताना राहिलेली धार) लागते का. भारतात हा पत्रा नाशिकला थोडाफार बनतो, बाकी बाहेरून येतो, त्यामुळं टंचाईच्या काळात भंगाराचा मोह मोठा असतो. मिल सर्टिफिकेटवरचा कॉइल नंबर आणि कापणाऱ्याच्या चलनावरचा नंबर तिथंच जुळवा.

मग वाइंडिंग. दोन्ही सेकंडरींची रचना ड्रॉइंगशी ताडून बघा, शील्डची अर्थिंगची पट्टी कुठं निघते ते हात लावून बघा. हीट एक्स्चेंजर वेगळा पडलेला असेल तर त्याची दाबाची टेस्ट समोर करून घ्या. आम्ही गेलो तेव्हा एका मोठ्या नावाच्या पार्टीकडं हा एक्स्चेंजर अजून आलाच नव्हता, आणि डिस्पॅच आठ दिवसांवर होता. भेट दिली नसती तर टेस्ट न झालेला माल गाडीत चढला असता.

८. ऑर्डरच्या अटी

जास्त लांबण लावत नाही. ॲडव्हान्स द्यायचाच, पण तेवढ्याच रकमेच्या बँक गॅरंटीवर. पुढचे पैसे ड्रॉइंग मंजुरीला, त्यानंतरचे टेस्ट झाल्यावर, आणि थोडे चार्ज झाल्यावर. तांबं, सीआरजीओ यांचे भाव हलतात म्हणून पुरवठादार भाव-फरकाची अट घालेल. आयईईएमएच्या सूत्राप्रमाणे असेल तर ती रास्त आहे, पण वर मर्यादा घाला. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत देणं कायद्यानं बंधनकारक आहे; तुमच्या सीएला आधीच सांगून ठेवा. ड्रॉइंग मंजूर करताना फर्नेसवाल्याची सही त्यावर घ्या. त्या सहीशिवाय एक तांब्याची पट्टीही कापली जाऊ नये.

९. टेस्टिंग

रूटीन टेस्ट सगळ्यांच्या होतात: रेशो, रेझिस्टन्स, लॉस, इम्पीडन्स, हाय व्होल्टेज. तुम्ही भांडायचं ते टेंपरेचर राइज टेस्टसाठी, आणि तीही कूलिंग जोडून. कारखान्यात टेस्ट ५० हर्ट्झच्या शुद्ध करंटवर होते, तिथं हार्मोनिक नसतात. म्हणून आयईसी ६१३७८-१ प्रमाणे हार्मोनिकचा लॉस हिशोबात धरून तेवढा जादा लॉस टेस्टमध्ये द्यावा लागतो. हा मुद्दा टेस्टच्या दिवशी काढलात तर वाद होतो, ऑर्डरमध्येच लिहा. पाणी टेस्टच्या वेळी किती अंशांचं होतं तेही रिपोर्टवर नोंदवून घ्या. गुजरातेत डिसेंबरात टेस्ट झाली असेल तर नुसता काटा बघून समाधान मानू नका, तापमानवाढीचा आकडा बघा.

१०. कोल्हापुरात आणणं आणि चार्ज करणं

या कामाला गाडी उतरण्याआधी सुरुवात करावी लागते. परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदारामार्फत विद्युत निरीक्षकाकडं ड्रॉइंग द्यायची, काम पुरं झाल्यावर तपासणी, मग चार्जिंगची परवानगी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे २,००० लिटरच्या वर तेल असेल तर सोक पिट (सांडलेलं तेल जिरवणारा खड्डा) लागतो, आणि १,००० केव्हीएपासून वर बुखोल्झसारखा गॅस रिले (आत बिघाड होऊन गॅस साचला तर ट्रिप करणारा). सोक पिटचं खोदकाम पाया ओतण्याआधी लक्षात आलं तर बरं. महावितरणकडं लोड वाढवण्याचा अर्ज ट्रान्सफॉर्मरच्या ऑर्डरबरोबरच टाका. ३३ केव्हीची लाइन यायला कधीकधी ट्रान्सफॉर्मरपेक्षा जास्त वेळ लागतो.

निरीक्षकाकडं आणि महावितरणकडं मिळून साधारण हे कागद लागतात:
– सिंगल लाइन डायग्राम, जागेचा आराखडा, अर्थिंगचं ड्रॉइंग
– ट्रान्सफॉर्मर आणि ब्रेकरचे उत्पादकाचे टेस्ट रिपोर्ट
– कंत्राटदाराचा परवाना आणि त्याचं काम पूर्ण झाल्याचं पत्र, अर्थ रेझिस्टन्सच्या नोंदी
– एमआयडीसीची जागेची कागदपत्रं
– लोड मंजुरीचं पत्र

गाडीचं म्हणाल तर ट्रान्झिट विमा पायावर उतरेपर्यंतचा घ्या, गेटपर्यंतचा नको. इम्पॅक्ट रेकॉर्डर लावून मागा आणि गाडी आल्यावर सुतळी सोडायच्या आधी त्याची नोंद बघा. माल जुलै-ऑगस्टात येणार असेल तर तारीख मागेपुढे करण्याची मोकळीक ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. पायाची उंची ठरवतानाही आपल्या प्लॉटवर पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारा. उद्यमनगरातल्या अरुंद गल्लीत जायचं असेल तर हायड्राला (फिरत्या क्रेनला) वळायला जागा आहे का ते रविवारी, गल्ली रिकामी असताना मोजून या.

चार्ज करण्याआधी तेलाची बीडीव्ही टेस्ट (तेल किती व्होल्टेज सहन करतं ती) आणि एक नमुना डीजीएसाठी (तेलात विरघळलेल्या गॅसच्या तपासणीसाठी) लॅबला. हा पहिला रिपोर्ट जपून ठेवा; पुढं कधी गॅस वाढला का हे कळायला सुरुवातीचा आकडा लागतो. मग पंप चालू, पाणी चालू, फ्लो स्विच हातानं बंद करून ट्रिप होतोय का ते बघायचं. लोड न देता एक रात्र चार्ज ठेवा. पहिल्या दोन-तीन हीट कमी पॉवरवर घ्या आणि दर अर्ध्या तासाला तेलाचं, पाणी आत येतानाचं आणि बाहेर जातानाचं तापमान वहीत लिहायला एक माणूस उभा करा. ती वही पहिल्या मे महिन्यापर्यंत चालू ठेवा. वॉरंटीच्या काळात कंपनीच्या इंजिनिअरला बोलवायची वेळ आलीच, तर तो आल्या आल्या तीच मागतो.